जादूगाराची टाकी

रविवार, ३ मार्च

शेवटी दिले बिंदू! अकरा वर्षं अडवून धरलं होतं. आज दंतवैद्यांनी किडकी दाढ काढावी तसं काढून घेतलं. भूल न देता.

आजवर कसं होतं — आमच्या रविवारच्या खेळातल्या जादूगाराला दिवसाला दोन मोठे मंत्र, तीन मधले, चार छोटे. वापरले की संपले. उजाडलं की पुन्हा मिळाले. अडाणी, सुखाची व्यवस्था. पण दंतवैद्य — म्हणजे माझे मेव्हणे, धाकट्या बहिणीचे यजमान — म्हणाले, "दादा, आज मला मोठा मंत्र नकोय. त्याचे सुटे करून द्या."

सुटे! मंत्राचे!

"दिवसाचे अमुक बिंदू एकदाच माझ्या हातात द्या. कुठे किती खर्चायचे ते माझं मी बघतो."

ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "देऊन टाका हो सूत्रधार. चहा निवतोय."

बहीण नकाशा काढत होती.

सोमवार, ४ मार्च

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत नियम लिहायला बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई डोकावल्या. "तुम्ही रविवारी नक्की करता तरी काय?"

काय सांगणार? म्हटलं, चार प्रौढ माणसं टेबलाभोवती बसतात. तिघं सोंगं घेतात — एक जादूगार, एक औषधीवाली, एक तलवारवाली. चौथा, म्हणजे मी, त्यांच्या वाटेत राक्षस आणि कुलपं ठेवतो. मग फासे टाकून ठरतं कोण वाचलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे कचेरीसारखंच." पाणीपुरवठा खात्यात इतकं अचूक वाक्य मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

नियम सूत्रशैलीत लिहिले. लहानपणी संस्कृत शाळेत घोकलेलं कुठेतरी उगवणारच. एक अक्षर जास्त नाही!

१. प्रत्येक पात्रास दर पहाटे बारा बिंदू.
२. जादू शिकलेल्यास दुप्पट.
३. छोट्या मंत्रास दोन, मधल्यास पाच, मोठ्यास नऊ.
४. विश्रांती घेतली की उजाडते.
५. शिकलेल्याची टाकी चोविसाला भरते, वरचे सांडते.

'प्रत्येक पात्रास' का लिहिलं? तलवारवालीला बिंदूंचा उपयोग शून्य. पण 'प्रत्येक' लिहिलं की न्याय झाल्यासारखं दिसतं. नागरिकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो मी. 'प्रत्येक' हा शब्द कुठे आणि का घालायचा हे मला कुणी शिकवू नये.

रविवार, १० मार्च

व्हायचं तेच! दंतवैद्यांनी मोठ्या मंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. दोन-दोन बिंदूंचे बारा अग्निबाण, लागोपाठ, एकाच राक्षसावर. तीन आठवडे खपून राक्षस तयार केला होता मी. त्याला एक बोबडी, करुण बोली दिली होती. तोंड उघडण्याआधी गेला.

"हिशोब सोपा आहे दादा. मोठा मंत्र नऊला, आणि नुकसान तीन बाणांइतकंच. म्हणजे तीन बिंदू वाया. कोण घेईल?"

नंतर — "आता थांबू. माझे संपले."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्यांच्या जगातले! सगळ्यांनी गुहेत अंथरूण टाकलं. जादूगार झोपला, औषधीवाली झोपली, तलवारवाली, म्हणजे बहीण, पहाऱ्याला. उजाडलं. पुढच्या दालनात बारा बाण. पुन्हा अंथरूण.

आजच्या साहसाचा ताळेबंद: पराक्रम नऊ मिनिटं, झोप तीन दिवस.

मंगळवार, १२ मार्च

दुरुस्ती: तोच मंत्र त्याच लढाईत पुन्हा टाकला तर दर वेळी एक बिंदू जादा. दोन, तीन, चार, पाच... आता टाका बारा!

रविवार, १७ मार्च

टाकले. अग्निबाण एक, हिमबाण एक, काटेबाण एक, धूरबाण एक, आणि मग एक 'पिवळा बाण'. पिवळा म्हणजे काय, विचारलं. "रंग वेगळा म्हणजे मंत्र वेगळा. नियमात नाहीये का?"

नाहीये. हा माणूस रुग्णांना किती वेगवेगळ्या दातांची बिलं लावत असेल, कल्पना करवत नाही.

आज तीनदा झोपले.

रविवार, २४ मार्च

गंमत म्हणून खेळातल्या खजिन्याच्या पेटीत एक पोथी ठेवली होती. 'निष्क्रमण'. अट — कुणीही वाचावी, शिकलेला असो वा नसो; वाचणारा मनात येईल तिथे पोहोचेल; एकटाच. मोल तीनशे साठ बिंदू. चोविसाच्या टाकीवर टिच्चून बसणाऱ्याला खिजवायला.

दंतवैद्यांनी मनात भागाकार केला. त्यांचे ओठ हलतात तेव्हा. "पंधरा टाक्या? वरचे तर सांडतात. हे कुणाला परवडणारच नाही. रद्दी आहे ही." आणि बहिणीकडे सरकवली — "तुझ्या झोळीत टाक गं."

तिच्या झोळीत सगळंच असतं. दोर, पाणी, मशाली, यांची जादूची काठी, यांची दुसरी जादूची काठी. गेल्या चार रविवारांत तलवार किती वेळा उपसली? मी नोंदी चाळल्या. एकदा. पाव कापायला.

बुधवार, २७ मार्च

बहीण अचानक संध्याकाळी आली. माळ्यावरची तिची जुनी पत्र्याची पेटी हवी होती. "सर्टिफिकिटं त्यातच आहेत ना रे दादा?"

मी म्हटलं, "आता काय करायचीत? दवाखान्यात फ्रेम करून लावणार?"

हसली. पेटीत भूमापन कार्यालयातलं तिचं ओळखपत्रही निघालं. फोटोत वेणी. चार वर्षं नकाशे काढायची तिथे. तिच्या हातची नदी बघून साहेब म्हणायचे, ही वाहतेय की काय. मग दंतवैद्यांचा दवाखाना निघाला. "दोनच वर्षं थांब, जम बसू दे" असं ठरलं. तेव्हापासून ती तिथल्या खुर्चीवर फोन घेते, वेळा देते, उपकरणं उकळते. गेल्या महिन्यात चोवीस झाली — त्या दोन वर्षांना.

तिचा राजीनामा मीच लिहून दिला होता. भाषा घरात माझी चांगली! 'कौटुंबिक जबाबदारीच्या सहर्ष स्वीकारार्थ'. 'सहर्ष' माझं. तिने कुठे सांगितलं होतं?

आज हे का लिहितोय, कोण जाणे. बिंदूंचं बघायला हवं.

रविवार, ३१ मार्च

नवी दुरुस्ती — झोपेने शिकलेल्याची टाकी निम्मीच भरेल. बारा. खात्यात याला 'अंशतः पुरवठा' म्हणतात.

परिणाम: आता ते दर खेपेला दोनदा झोपतात.

रविवार, ७ एप्रिल

वाईट दिवस. खेळ संपल्यावर बहीण कप विसळायला स्वयंपाकघरात आली. दंतवैद्य बाहेर ग्रंथपालबाईंना पिवळ्या बाणाची कार्यक्षमता समजावत होते.

"दादा, मी येणं बंद करीन म्हणते."

"काय झालं?"

"काय होणार? काही होतच नाही. यांचे संपले की सगळ्यांनी थांबायचं. यांनी झोपायचं, मी जागायचं. यांचे भरले की निघायचं. तुझी तलवारवाली करते काय सांग बरं?"

मी म्हटलं, अगं, समतोलाचा प्रश्न आहे, मी सोडवतोय. मंत्रांची किंमत वाढवू, बाणांचं नुकसान घटवू...

"तू सारखा यांचंच गणित मांडतोस, दादा."

हे लागलं. आई गेली तेव्हा रविवार मोकळे पडले होते. या टेबलाची कल्पना बहिणीचीच. पहिला नकाशा तिने आईच्या औषधांच्या यादीच्या पाठीवर काढला होता. ती उठली तर टेबल उठलं. ग्रंथपालबाई आठवडाभर पुस्तकांशी बोलतील आणि मी तक्रारदारांशी. शिवाय माझी बहीण मला दिसणार कुठे? दवाखान्यात, दाढ दुखली तर.

म्हटलं, "थोडं थांब. मे अखेरपर्यंत. सगळं बसवून देतो."

तिने टॉवेलला हात पुसले. "दोन वर्षं नाही ना म्हणालास? मग थांबते."

मंगळवार, ९ एप्रिल

नवी सूत्रं. तलवारवालीला एका दमात दोन वार. पुरेसं नाही. तीन वार. राक्षस उरेल तर ना!

गळती सापडत नाही.

रविवार, १४ एप्रिल

स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. वाटलं, बिंदूंना काही यातना जोडावी. सूत्र: टाकी रिकामी असल्यास जादूगाराने आपल्या प्राणातून बिंदू काढावा, दोन प्राणांस एक. आता जपून वागेल म्हटलं!

दंतवैद्यांनी दहा बिंदूंसाठी वीस प्राण उपसले, आडवे झाले आणि ग्रंथपालबाईंकडे हात केला. बाईंनी आपले बिंदू खर्चून त्यांना बरं केलं. दंतवैद्यांनी पुन्हा उपसले.

"मी औषधीवाली आहे की पंप?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाचनालयातलाच असतो, पण त्याने टेबल थंड पडतं.

"अहो, समूहाच्या हिताचं आहे ना," दंतवैद्य.

"समूह म्हणजे तुम्हीच का?"

बहीण खाली मान घालून नकाशाच्या समासात काहीतरी खूण करत होती. एक बारीक उभी रेघ. विचारलं, काय हे? म्हणाली, "उजाडलं ना? उजाडल्याची खूण."

सूत्र लगेच रद्द केलं. निम्म्या झोपेचंही रद्द करायला निघालो, तर बहीण म्हणाली, "असू दे की. एका झोपेला एक पहाट, एवढं पक्कं ठेव म्हणजे झालं."

आता हिलाही नियमांत रस! चांगलं लक्षण.

रविवार, २१ एप्रिल

चारदा झोपले. एका पुलावर तर राक्षसही कंटाळून निघून गेला — मीच पाठवला. दंतवैद्य म्हणाले, "बघा, विश्रांतीचा धाक!"

शुक्रवार, २६ एप्रिल

दंतवैद्यांचा कचेरीत फोन. मला वाटलं कुणी आजारी. "दादा, पाण्यात उभं राहून वीजमंत्र टाकला तर नुकसान दुप्पट धरायचं का?" मागे बहिणीचा आवाज — "अहो, तीनच्या पेशंटचा फोन आहे." "घे ना तूच, सांग थांबायला." तिने सांगितलं असेल. थांबायला सांगण्याचा तिला सराव आहे.

रविवार, ५ मे

दंतवैद्य आज जास्तच खुशीत. म्हणाले, आता पद्धत अगदी बसली आहे, एकही तक्रार नाही. ज्याचा नळ वाहतो त्याची तक्रार मलाही कधी आलेली नाही.

बहिणीच्या नकाशावर रेघा पाचपाचाच्या जुड्यांत. मोजल्या नाहीत. सुंदर दिसत होत्या.

रविवार, १२ मे

बहिणीला चांगल्यापैकी ताप, आली नाही. हे आले! "ती घरी बरी आहे, पडून आहे," म्हणाले. ग्रंथपालबाईंनी पर्स उचलली. "मग तुम्ही इथे कसे?" आणि मला म्हणाल्या, "आज नको खेळू या."

आज खेळ नाही.

रविवार, १९ मे

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

बुरुजाखालचं शेवटचं दालन. पहारेकरी दगडाचा. दंतवैद्यांनी सवयीप्रमाणे सगळे बिंदू जाळले — पाच रंगांचे बाण. पहारेकरी अर्धा उरला. "मागे फिरू. झोपू."

झोपले. मी म्हटलं, उजाडलं.

बहिणीने समासात रेघ ओढली. पेन्सिल खाली ठेवली. "एकतीस," म्हणाली.

"काय एकतीस?"

"पहाटा. बिंदू आल्यापासून. बारा गुणिले एकतीस, तीनशे बहात्तर. दादा, मी झोळीतली पोथी वाचते."

दंतवैद्य हसले. मोकळेपणाने, खरंच विनोद झाल्यासारखे. "अगं, तलवारवालीला कसले बिंदू?"

ग्रंथपालबाईंनी माझा कागद ओढला आणि परतीची तारीख सांगतात त्या सुरात वाचला. "एक. प्रत्येक पात्रास दर पहाटे बारा बिंदू. पाच. शिकलेल्याची टाकी चोविसाला भरते, वरचे सांडते." चष्मा काढला. "शिकलेल्याची. न शिकलेल्यांचं सांडतं असं इथे नाही."

मी एक अक्षर जास्त लिहिलं नव्हतं! अभिमान होता ना सूत्रशैलीचा?

मग दंतवैद्यांचे ओठ हलू लागले. भागाकार चालला होता. आणि मला दिसलं — त्यांनाही दिसलं असावं — की या एकतीस पहाटा त्यांनीच दिलेल्या. ते दमून आडवे झाले की हिचे बारा. ते झोपले, ही जागली, आणि दर खेपेला बारा. मी अकरा आठवडे त्यांची टाकी तपासत होतो. शेजारच्या हौदात कुणी वाकून पाहिलंच नव्हतं.

"दादा, हे चालणार नाही," दंतवैद्य. "चूक आहे तुमची, ठीक आहे, सुधारा. समतोल कुठे राहिला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सूत्रधार मी. एका वाक्यात खोडता आलं असतं — 'न वापरलेले बिंदू सायंकाळी नष्ट होतात'. वाक्य तयारसुद्धा होतं डोक्यात. बरं होतं भाषेला.

बहीण माझ्याकडे बघत नव्हती. खोडरबर घेऊन टेबलावरचे कण गोळा करत होती. मी एकदा चांगल्या भाषेत तिचं काहीतरी खोडलं होतं, ते तिच्या लक्षात आहे. मला आत्ताच आठवलं होतं अशातला भाग नाही.

म्हटलं, "नियम आहे तो आहे. वाच."

वाचली. म्हणजे नुसतं म्हणाली, "वाचली." मनात येईल तिथे पोहोचायचं, एकटीने. मी विचारलं, कुठे?

"सांगायलाच हवं असं पोथीत आहे का?"

नव्हतं.

तलवारवाली गेली. तिच्यासोबत दोर, मशाली, पाणी आणि जादूच्या दोन्ही काठ्या असलेली झोळी. दंतवैद्य दगडी पहारेकऱ्यासमोर रिकाम्या हाताने. "आता आमचं काय?" त्यांनी मला विचारलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "झोपायचं का?"

सोमवार, २० मे

दंतवैद्यांचा फोन. पंचवीस मिनिटं. न वापरलेल्या बिंदूंवर मर्यादा हवी, ती पूर्वलक्षी प्रभावाने हवी, मसुदा त्यांनी केलाय. "आणि तुमच्या बहिणीला जरा सांगा दादा. काठ्या तरी परत करायला हव्या होत्या. विचारलं तरी कपाट आवरत बसलीय."

मी उत्तर दिलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

बुधवार, २२ मे

सकाळी आठला दार वाजलं. बहीण. दोन बॅगा आणि नकाशांची लांब नळी. नऊ चाळीसची गाडी आहे. दोन तासांवरच्या गावात, भूमापन कार्यालयात, सोमवारपासून. परीक्षा मार्चमध्येच दिली होती. "अर्ज माझा मीच लिहिला. तुझ्यासारखी भाषा नाही जमली. चार ओळींत संपला."

यांना सांगितलंस का, विचारलं. "सांगितलं. म्हणाले, दोन वर्षं थांब."

पेटी परत माळ्यावर ठेवायला दिली, रिकामी. रविवारी येईन म्हणाली, टेबल मोडू नकोस. जिन्यावरून मागे वळून — "दादा, पोथी वाचून बारा उरलेत माझे. वाया जात नाहीत ना?"

म्हटलं, "तसं कुठे लिहिलेलं नाही."